भुऱ्याचं हिव आणि मामाजींचा दोर

गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका सुनेचं पत्र आलं आहे. घरी धानाची शेती आहे, बांधीत लाखोळी आणि वरच्या तुकड्यात हरभरा. घरचा कुत्रा भुऱ्या आठ-नऊ वर्षांचा. दिवाळी झाली की रानडुकरं हरभऱ्यात शिरतात, म्हणून सासरे (त्यांना त्या मामाजी म्हणतात) रोज रात्री जागलीला, म्हणजे शेत राखायला जाताना त्याला सोबत नेतात आणि खोपडीबाहेर खुंट्याला बांधतात. सकाळी तो परततो तेव्हा दवानं ओला असतो आणि मागचे पाय आखडलेले असतात. त्याला घरात झोपवू म्हटलं तर सासूबाई म्हणतात, घरात देव आहेत, कुत्रं नको. मामाजी हसतात, "देवानं त्याले केस देल्ले हायेत, त्याले कायचं हिव? गोधडीत झोपला तर राखण कोण करन?" पत्रलेखिकेनं मोबाइलवरून स्वेटर मागवला, तो तीन दिवसांत तारेच्या कुंपणात फाटला. त्यातच घरामागच्या तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगात एका गावकुत्रीनं पाच पिल्लं दिली आणि दोन दगावली. नवरा या विषयात पडत नाही. त्या विचारतात, "मी जास्तच हळवी आहे का? आणि भुऱ्याला घरात घ्यायला या लोकांना कसं पटवू?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. नाही, तुम्ही हळव्या नाही. रोज सकाळी आखडत चालणारा म्हातारा कुत्रा बघून ज्याला काहीच वाटत नाही, काळजी त्याची करावी. दुसऱ्या प्रश्नाला मात्र थोडं थांबू या, कारण "घरात की बाहेर" अशी मांडणी केली की घरात दोन पक्ष पडतात आणि भुऱ्या बाजूलाच राहतो.

आधी मामाजींचं म्हणणं घेऊ, कारण ते अर्धं खरं आहे. केसांनी ऊब मिळते. थंडीत कुत्रा केस फुलवतो, त्या केसांत हवा अडकते आणि तीच त्याची गोधडी. पण पहाडातल्या भोटिया कुत्र्याला वरच्या लांब केसांखाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर असतो, आपल्या गावठी कुत्र्याला तो नसल्यासारखाच. त्याचे आखूड, अंगालगत बसणारे केस आपल्या उन्हाळ्यासाठी घडलेले आहेत, मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांसाठी. पोटाखाली तर केस जवळजवळ नाहीतच आणि नेमकं तेच पोट तो जमिनीला टेकवून झोपतो. दवानं अंग भिजलं की केस चिकटतात, अडकलेली हवा निघून जाते आणि देवानं दिलेली गोधडी ओल्या फडक्यासारखी होते. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळात ३८ ते ३९ अंश, आपल्यापेक्षा जास्त. तेवढं टिकवायला त्याला आतून सतत जाळत राहावं लागतं. तरण्या कुत्र्याला ते जमतं, नऊ वर्षांच्याला जड जातं.

आणि आपल्याकडची थंडी काही लटकी नाही. बाहेरच्यांना विदर्भ म्हटलं की फक्त ऊन आठवतं, पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता आणि हिवाळ्यात विदर्भातला सगळ्यात कमी आकडा बरेचदा तुमच्या गोंदियाचाच असतो. दुपारी अठ्ठावीस आणि पहाटे आठ-नऊ, असा एका दिवसात वीस अंशांचा फरक. आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि शेतात, विशेषतः बांधीच्या खोलगट भागात, गार हवा साचते. गावात घरांच्या आडोशाला जी रात्र बरी वाटते, तीच शेतावर बोचते.

आता एक काम करा. एखाद्या रात्री उशिरा गावातून चक्कर मारा आणि मोकळी कुत्री कुठे झोपलीत ते बघा. कोणी चुलीच्या राखेत, कोणी तणसात खड्डा करून, कोणी कोठ्यात (गोठ्यात) ढोरांच्या जवळ, कोणी बंडीखाली. वाऱ्याकडे पाठ आणि नाक शेपटीखाली. पहाटे वारा फिरला की तेही उठून जागा बदलतात. मोकळं कुत्रं आपली ऊब आपण शोधतं, हजारो वर्षं शोधत आलंय. म्हणून "गावातली बाकीची कुत्री मरतात का थंडीनं?" या प्रश्नाला (तो तुम्हाला घरात ऐकवला गेला असणारच) उत्तर हे की बाकीच्या कुत्र्यांच्या गळ्यात दोर नाही. भुऱ्या उठून तणसात जाऊ शकत नाही. चार हात दोराच्या टप्प्यात जी जमीन येते, ती ओली असो की वाऱ्यात असो, त्याला रात्रभर तीच. दोर आपण बांधला, तेव्हा त्या चार हातांत कोरडी, आडोशाची जागा करून देणंही आपल्याकडेच आलं. मामाजींशी बोलायचं असेल तर स्वेटरवरून नको, या दोरावरून बोला.

दोराला थंडीपेक्षाही मोठा धोका आहे. तुमचा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा. बिबट्याच्या खाण्यात गावकुत्र्यांचा वाटा मोठा असतो, महाराष्ट्रात झालेल्या अभ्यासांतही ते दिसलेलं आहे. खोपडीबाहेर खुंट्याला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला ताटात वाढून ठेवल्यासारखं आणि ते ताट मामाजींच्या बाजेपासून दहा पावलांवर. रानडुक्कर अंगावर आलं तरी तेच, बांधलेल्याला मागे सरता येत नाही. मग सोडून द्यावा का? इथे मी घाईनं हो म्हणणार नाही. डुकरांसाठी कुंपणात करंट सोडायची जीवघेणी आणि बेकायदेशीर खोड ज्या शिवारात आहे, तिथे रात्री मोकळा फिरणारा कुत्राही सुरक्षित नाही आणि माणूसही नाही. आजूबाजूच्या शेतांत काय चालतं ते मामाजींना नक्की माहीत असेल, त्यांनाच विचारा. माझ्या मते शेतावर न्यायचाच असेल तर त्याला खोपडीच्या आत, बाजेखाली झोपवावा. तट्ट्याचं (विणलेल्या बांबूचं) दार ओढून घ्यावं. कुत्र्याचं खरं काम भुंकणं आहे, डुकराशी कुस्ती करणं नाही, आणि कान आतूनही तेवढेच चालतात.

(प्राण्याला अवाजवी आखूड दोरानं तासन्तास बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. हे तुमच्या माहितीसाठी. मामाजींना ऐकवू नका, घरातलं बोलणं तिथेच संपेल.)

सासूबाईंचं "घरात नको" हे मला तितकंसं अडचणीचं वाटत नाही. शेणानं सारवलेल्या घरात गोचीड आणि पिसवा आल्या तर त्या काढायला कोणाला वाकावं लागणार? त्यांनाच. तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज, भुऱ्याची सकाळची भाकर त्यांच्याच हातून पडत असेल. त्याला देवघराशेजारी न्यायची गरजच नाही. त्याला कोरडं पाहिजे, वारा लागायला नको आणि खालून गारठा यायला नको. या तीन गोष्टी ओसरीच्या कोपऱ्यात मिळतात, कोठ्यात मिळतात, सांदवाडीतल्या (परसातल्या) छपराखालीही मिळतात. कोठा तर फारच चांगला, चार ढोरांच्या श्वासानंच तो उबदार असतो. फक्त बैलाच्या लाथेच्या टप्प्याबाहेर, मूत वाहून येणार नाही अशा उंचवट्यावर जागा करा.

जागा कशी करायची ते जरा सविस्तर सांगते, कारण लोक इथेच चुकतात. पहिली चूक, मोठं घर बांधणं. कुत्र्याला त्याच्याच अंगाच्या वाफेनं घर तापवायचं असतं, म्हणून उभं राहता येईल, गोल फिरून आडवं होता येईल, इतकंच हवं. त्याहून मोठं झालं की ते बाहेरइतकंच गार. तुमच्याकडे बांबूचे तट्टे मिळतात. तीन बाजूंनी तट्टा, त्याला बाहेरून माती-शेणाचा लेप आणि वर कौल किंवा प्लास्टिकचा कागद टाकून त्यावर तणस, एवढं पुरे. नुसता टिनाचा डबा नको, टिन रात्री अंगातली ऊब ओढून घेतं आणि पहाटे आतून पाझरतं. तोंड दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे ठेवा, म्हणजे उत्तरेचा गार वारा पाठीवर अडतो आणि सकाळचं पहिलं ऊन आत येतं. दार ठेंगणं आणि वर गोणपाटाचा पडदा.

दुसरी चूक, खाली जमीनच ठेवणं. चार विटांवर फळी टाका किंवा मोडकी बाज कापून तिचा चौकोन करा. जमिनीपासून वीतभर उंची मिळाली की निम्मं काम झालं. भुऱ्याचे मागचे पाय आखडतात त्यात वयाचा वाटा आहेच, पण रात्रभर ओल्या भुईवर पडून राहण्याचाही आहे.

तिसरी चूक प्रेमापोटी होते. जुनी गोधडी किंवा चादर टाकतात. कापड ओल धरतं आणि एकदा ओलं झालं की सुकत नाही, मग कुत्रा रात्रभर ओल्यावर झोपतो. तुमच्या दारात ढिगानं पडलेलं तणस त्याहून कितीतरी चांगलं. त्याच्या पोकळ काड्यांत हवा राहते, ओल खाली निथळते आणि कुत्रा त्यात नाक खुपसून हवा तसा खड्डा करून घेतो. वऱ्हाडात तणस नसतं, तिथल्या वाचकांनी गव्हांडा किंवा सोयाबीनचं कुटार वापरावं. तुरीचं कुटार टोचतं, ते नको. वीतभर जाडीचा थर द्या, दाबला गेला की वर नवा टाका आणि आठवड्याला सगळं काढून उन्हात पसरा. कडुनिंबाचा पाला घालतात तो घाला, पण गोचीड त्यानं जात नाही. गोचिडाचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्या.

शेतावरच्या खोपडीतही हेच, बाजेखाली फळी आणि फळीवर तणस. आणि इथे तुमच्या यजमानांना एक काम आहे. मोटारीची लाइन बरेचदा रात्री येते, ते ओलीत करायला (पिकाला पाणी द्यायला) जात असतील तर भुऱ्या मागोमाग पाण्यात फिरत असणार आणि मग तसाच ओला बसत असणार. परत आल्यावर एका कोरड्या गोणपाटानं त्याचं पोट आणि पाय खसाखसा पुसायचे. दोन मिनिटांचं काम आहे. "या विषयात पडत नाही" म्हणणाऱ्या माणसाला मत विचारू नये, काम सांगावं. मत नसलेली माणसं काम बरं करतात.

स्वेटरचं सांगते. मी त्याच्या विरोधात नाही, पण शेतातल्या कुत्र्याला तो कामाचा नाही. दवात भिजतो, बाभळीत अडकतो, आत गोचीड लपते. पोळ्याला बैलाला झूल घालतो तशी गोणपाटाची झूल काही जण शिवतात, ती रात्री कोरड्या जागी ठीक, सकाळी उतरवलीच पाहिजे. खरुजीनं केस गेलेल्या किंवा फार रोडावलेल्या कुत्र्यालाच अंगावर काही घालण्याची खरी गरज असते. खरुजेवरून आठवलं, खेड्यात तिच्यावर जळकं ऑइल किंवा रॉकेल चोपडतात. कृपा करून करू नका. कातडी भाजते आणि चाटलेलं पोटात जातं. खरूज औषधानं बरी होते, आणि केस परत आले की थंडीचा निम्मा प्रश्न सुटतो.

खाणं थोडं वाढवा. थंडीत बाहेर झोपणाऱ्या कुत्र्याला जास्त लागतं, संध्याकाळचा एक घास मोठा हवा. भात, भाकर, पेज, त्यात अंडं किंवा मटणाची चरबी मिळाली तर उत्तम. कांदा-लसणाचा रस्सा मात्र रोज ओतू नका, कांद्यानं कुत्र्याचं रक्त खराब होतं. शिजवलेली कोंबडीची हाडं नकोत. पाणी सकाळी कोमट द्या, गारठ्यात कुत्री पाणी कमी पितात. आंघोळ घालायचीच असेल तर भर दुपारी, आणि पूर्ण सुकेपर्यंत उन्हात. लहान पिल्लांना "ऊब यावी" म्हणून ब्रँडीचे थेंब देतात, ते विष आहे. दारूनं कातडीतल्या शिरा मोकळ्या होतात आणि आतली ऊब आणखी लवकर बाहेर पडते.

पायांसाठी माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड जातं. पॅरासिटामॉलही नको. गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, नाहीतर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा वाहनाची चौकशी करा. भुऱ्या उठायला फार वेळ घेतो का, पायरी टाळतो का, तेवढं आठवडाभर बघून डॉक्टरांना सांगा. आणि एखाद्या पहाटे तो कापायचा थांबून सुस्त पडला, तोंडात बोट घातल्यावर आतूनही गार लागला, तर थंडी सरली असं समजू नका, ती आत शिरली आहे. कोरडं करा, गोणपाट-गोधडीत गुंडाळा, गरम पाण्याची बाटली फडक्यात बांधून पोटाशी ठेवा, शुद्धीत असेल तर कोमट गुळाचं पाणी चाटवा आणि डॉक्टर गाठा. शेकोटीजवळ ओढू नका.

शेकोटीचं माझं स्वतःचं दुखणं आहे. माहेरी आमचा लाल्या रोज रात्री चुलीच्या राखेत झोपायचा, आम्हाला त्याचं कौतुक. एका रात्री राखेखाली निखारा राहिला होता. सकाळी त्याच्या पोटाची कातडी सोललेली दिसली. महिनाभर आई हळद-लोणी लावत होती आणि रोज स्वतःला बोल लावत होती. कुत्री निवलेल्या राखेत शिरतातच, म्हणून झोपण्याआधी शेकोटीवर पाणी मारा. टायर आणि प्लास्टिक जाळू नका, तो धूर तुमच्याही छातीत जातो.

आता पिल्लं. दोन गेली यात तुमची चूक नाही, हे आधी सांगते. काही पिल्लं जन्मतःच अशक्त असतात. आपल्याकडच्या गावकुत्र्या पावसाळा संपताना माजावर येतात, ६३ दिवसांच्या आसपास गाभण राहतात, म्हणून पिल्लं नेमकी थंडीच्या तोंडावर जन्मतात. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःचं तापमान राखता येत नाही, सुरुवातीला तर ते कापूही शकत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, ती आईच्या पोटाची आणि भावंडांच्या गराड्याची. म्हणून आईला खाऊ घाला, ती अन्नासाठी जितकी लांब जाईल तितकी पिल्लं गार पडतील. दूध पाजणाऱ्या कुत्रीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागतं. जागा बदलू नका, वारंवार हात लावू नका, नाहीतर तीच त्यांना तोंडात धरून ओल्या जागी हलवेल. ढिगावर वरून प्लास्टिक टाका, वाऱ्याच्या बाजूला एक तट्टा उभा करा, बस.

एखादं पिल्लू बाजूला गार पडलेलं दिसलं तर माणूस पहिल्यांदा दूध पाजायला धावतो. तसं नका करू. गार पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही आणि ते श्वासनळीत जाऊ शकतं. आधी आपल्या अंगाशी, पदराखाली, हळूहळू ऊब द्या. ते हालचाल करायला लागलं की आईला लावा. डोळे दहा-चौदा दिवसांत उघडतील. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची. नाकातून पिवळा शेंबूड, डोळ्यांत चिपडं आणि खोकला असेल तर त्याला "हिवाळ्याची सर्दी" म्हणून सोडू नका, तो डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) असू शकतो, आणि तो भुऱ्यालाही लागतो.

आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, ढोरांसाठी तणस ओढताना आधी हातानं चाचपा, मगच आकडा घाला. सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी चाकांखाली वाका. रांगायला लागलेली पिल्लं चाकाच्या आडोशाला जाऊन बसतात.

मामाजींना कसं सांगायचं? "बिचारा" हा शब्द वापरू नका, त्या शब्दावर ते हसतील. तेही त्याच हिवात रात्र काढतात आणि त्यांची कोणी विचारपूस करतं का, मला शंका आहे. एखाद्या संध्याकाळी त्यांच्यासाठी खोपडीत तणस नेऊन टाका, तट्ट्याची फट बुजवा आणि त्यातच सहज म्हणा, "मामाजी, बाजेखाली थोडं भुऱ्यालेही टाकलं. पाय आखडल्यावर तो डुकरामागं धावन कसा?" हिवानं गोळा होऊन, तोंड पोटात खुपसून पडलेला कुत्रा कमी ऐकतो आणि उशिरा उठतो. ही गोष्ट त्यांच्या कामाची आहे, ते ऐकतील. नाहीच ऐकलं तर थंडीची लाट असेल त्या चार-सहा रात्री तरी भुऱ्याला कोठ्यात ठेवू द्या, एवढंच मागा. पूर्ण हिवाळ्याची मागणी नाकारणारा माणूस चार रात्री देतो.

नवी जागा केल्यावर भुऱ्या पहिल्या रात्री बहुतेक तिच्यात जाणारच नाही. ओढून आत कोंबू नका. त्याच्या रोजच्या बसण्याचं गोणपाट न धुता आत टाका, सासूबाईंच्या हातून भाकरीचा तुकडा आत ठेववा. तीन-चार रात्री होऊनही तो दुसरीकडेच झोपत असेल तर तो कुठे झोपतो ते बघा आणि तट्टे उचलून तिकडे न्या.